नऊ टेबलांचा कळप

पत्रिकेवर 'सकाळी अकरा' असं छापलं होतं आणि भोरची माणसं अकराला आली.

गेणूचा घात झाला तो तिथंच. गुंजवण्याच्या वर, डोंगराच्या अंगावर त्याची वस्ती. तिथं अकराचा अर्थ एक. सकाळची धार काढायची, दूध खाली घालून यायचं, शेरडं कुणाच्या तरी हवाली करायची, मग अंघोळ, मग ट्रंकेतलं पातळ, मग पिकअपची वाट. अकरा लिहिलं की माणूस एकला येतो, हे पन्नास वर्षांत कुणी कुणाला सांगावं लागलं नव्हतं. आचारी रखमाजीला त्यानं आठवडाभर आधीच बजावलं होतं, "एकला पान पडलं पायजे. आधी करू नगा, पोळी गार हुती."

आणि आता अकरा वाजून पाच मिनिटांनी शिवऱ्याच्या लॉनच्या फाटकात लग्नाची बस उभी होती, मागं तीन गाड्या होत्या आणि जावयाकडची माणसं इस्त्रीच्या कपड्यांत उतरत होती. गेणू हात जोडून उभा होता. हात जोडलेलेच होते, ओठ तेवढे हलत होते. फाटकातून आत जाणारं काहीही मोजल्याशिवाय त्याला जाऊ देता येत नसे. अडुसष्ट मोठी, तेरा पोरं. कोण कुणाचा हात धरून उतरलं, कोण कुणाच्या मागं रेंगाळलं, हेही डोळ्यांनी आपसूक टिपून ठेवलं. ती सवयच होती, त्यात ठरवून काही नव्हतं.

"अवं, पाव्हणं आलं की," त्याची बायको पारूबाई मागून कुजबुजली. "आन् आपलं माणूस एकबी न्हाई."

"दिसतंय मला."

लग्न आदल्या दिवशी भोरला कचेरीत सह्या करून झालं होतं. त्यांची स्वप्नाली आणि जोश्यांचा मंदार एकाच कचेरीत कामाला. दोन्ही घरांनी वर्षभर तोंडं फिरवून बघितली आणि शेवटी पोरांपुढं हात टेकले. मंदारचे वडील म्हणाले होते, "साधं चहापान करू." तेव्हा गेणू पहिल्यांदा बोलला होता. "लेक माजी, जेवणबी माजं. पुरणपोळीवर घरचं तूप वाडीन. उपाशी कुणी जायचं न्हाई." एवढं एकच वाक्य त्या बैठकीत त्याचं म्हणून राहिलं होतं.

तो लॉनच्या मागं, स्वयंपाकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला. रखमाजी मोठ्या पातेल्यापुढं उकिडवा बसला होता. त्यानं पळीभर डाळ काढून अंगठ्यानं दाबली. डाळीचा दाणा पिचला नाही, निसटला.

"कवा हुईल?"

"तुमी एक म्हणला हुता."

"माणसं आल्यात, रखमाजी."

"येऊ द्या. माणसाला घाई सांगता येती, डाळीला न्हाई. डाळ शिजंल, मग ती वाटायची, मग पोळ्या. लई वडलं तर पाऊण."

म्हणजे पावणेएक. दीड तासाहून जास्त. गेणूचा थोरला, दत्ता, कणकेचे हात तसेच ठेवून म्हणाला, "आबा, ताक हाय की. जेवणासाठी आणलेलं. आत्ताच फिरवू का?"

"फिरीव."

मंडपात पंधरा गोल टेबलं होती, पांढऱ्या चादरी घातलेली. भोरकरांनी पुढची नऊ धरली, मागची सहा रिकामी राहिली. गेणूला त्या टेबलांचं पहिल्यापासून कोडं होतं. पंगत असली की माणूस समोर तोंड करून बसतं. यजमानानं ओळीतून चालत जावं, एकेकाला घ्या म्हणावं, हसावं. गोल टेबलाला तोंडच नसतं. कुठूनही गेलं तरी पाचांच्या पाठी आपल्याकडे. पाठीला काय बोलणार?

ताक वीस मिनिटं पुरलं. स्टेजवर स्वप्नाली आणि मंदार उभे होते, फोटो काढून झाले, अहेर झाला, सनई लावली होती ती तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू झाली. वैशाखाचं ऊन मंडपावर तापत होतं. पंखे होते पण ते एकाच टेबलावरून वारा ढकलत होते. बायका पत्रिकांनी वारा घेऊ लागल्या. स्वप्नाली लांबून बापाकडं बघत होती आणि डाव्या हातातली एकच बांगडी बोटानं गोल गोल फिरवत होती. लहानपणी वाघराची डरकाळी ऐकली की ती हेच करायची.

"अहो, दोन पाण्याच्या बाटल्या आणा इकडं. थंड."

गेणूनं मागं बघितलं. बोलावणं त्यालाच होतं. तिसऱ्या टेबलावरच्या बाई, मोतिया रंगाची साडी, चष्मा. मंदारची आत्या, शुभदाताई. बँकेत अधिकारी होत्या. बैठकीला त्या आल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी गेणूला कधी बघितलं नव्हतं आणि पांढरा लेंगा-शर्ट वाढप्यांनीही घातला होता.

"व्हय, आणतो," तो म्हणाला. बाटल्या आणल्या, चादरीवर ठेवल्या. त्या मनगटावरचं घड्याळ बघत शेजारणीला म्हणाल्या, "बारा वाजत आले. बसवाला दीडला निघणार, त्याला पुढं दुसरं वऱ्हाड न्यायचंय. साडेबारापर्यंत पान नाही पडलं तर निघू आपण. आशीर्वाद देऊन झाले."

शेजारणीनं मान हलवली. पलीकडच्या टेबलावरच्या दोघींनीही. त्या पलीकडचे एक गृहस्थ रुमालानं मान पुसत खुर्ची मागं सरकवून बसले.

गेणूला माहीत होतं, प्रत्येक कळपात एक म्होरकी असते. ती बसली तर सगळी रवंथ करत बसतात, ती उठली की मागची का उठायचं म्हणून विचारत नाहीत. ह्या नऊ टेबलांची म्होरकी त्याच्यासमोर पाणी पीत होती आणि तिनं निघायची वेळ सांगून टाकली होती. माणसं उपाशी गेली तर वस्तीवर दहा वर्षं बोललं जाईल, तेही तो गिळेल. पण स्वप्नालीला उद्यापासून ह्याच माणसांत पाणी भरायचं होतं.

तेवढ्यात त्याच्या गुडघ्याला काहीतरी आपटलं. चारेक वर्षांचं एक पोरगं, नाक वाहतंय, हरवल्यासारखं रडतंय. गेणूनं त्याला उचललं, सहाव्या टेबलाकडं नेलं आणि जांभळ्या साडीतल्या बाईच्या मांडीवर ठेवलं.

"ह्ये तुमचं."

"अय्या. तुम्ही ओळखता ह्याला?"

"न्हाई."

"मग कसं कळलं माझा म्हणून?"

"चालताना डाव्या पायाचा आंगठा वर धरतंय. तुमी बसमधनं तशाच उतरला."

बाईनं खाली बघितलं. टेबलावरच्या सगळ्यांनी चादर वर करून बघितलं. चपलेत डाव्या पायाचा अंगठा वर होता. ते टेबल एकदम हसलं आणि आठ टेबलांच्या माना तिकडं वळल्या.

शेजारच्या टेबलावरून मंदारचे मधूकाका उठले. शाळेतून निवृत्त झालेले, पोट पुढं, आवाज मोठा. "हे काय प्रकरण आहे? बरं, हा माझ्याजवळ उभा आहे तो कुणाचा सांगा. पण नीट बघून."

गेणूनं नीट बघितलं नाहीच. "पलीकडं हिरव्या पातळाच्या बाई. दोगंबी बोलायच्या आधी व्हट चाटत्यात."

हिरव्या पातळाच्या बाईनं ओठ चाटले आणि तोंडावर हात घेतला. आता तीन टेबलं हसली. "माझी धाकटी कुठली?" "आमच्यातली भावंडं कोण?" हाका सुरू झाल्या. गेणू ह्या टेबलावरून त्या टेबलावर गेला. कानाच्या पाळ्या बघितल्या, टाचा बघितल्या, पोरगं खुर्चीवर चढताना कुठला गुडघा आधी टेकतं ते बघितलं. दोन मुलांना सगळे भाऊ भाऊ म्हणत होते. त्यानं दोघांची मनगटं हातात घेऊन फिरवली. "सख्खं न्हाईत. आया सख्ख्या भैणी." टाळ्या पडल्या. आणि त्याला एक गोष्ट उमगली, की जो माणूस आता बरोबर येतंय का चूक हे बघतो, तो घड्याळ बघत नाही. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि कुणाच्याही ते लक्षात नव्हतं.

"थांबा थांबा, हे फार सोपं झालं," मधूकाकांनी स्टेजवरचा माईक आणला. "मामा, तुम्ही रस्त्याकडं तोंड करून उभे राहा. मुलांनो, शर्ट बदला. आयांनो, दुसऱ्याची पोरं मांडीवर घ्या. आणि कुणी हसून सांगायचं नाही."

"मामा न्हाई, सासरं हायेत त्ये मंदाररावांचं," पारूबाई ताकाच्या क्यानमागून ठसक्यात म्हणाली.

शुभदाताईंनी गेणूकडं बघितलं, मग समोरच्या पाण्याच्या बाटल्यांकडं बघितलं. चष्मा काढून पुसला.

गेणू हमरस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. मागं नुसता दंगा. खुर्च्या ओढल्या जात होत्या, पोरं खिदळत होती, "अगं ओढणी घाल त्याच्या डोक्यावर," "आजोबांच्या मांडीवर द्या त्याला," असं चाललं होतं. तो ट्रक मोजत होता. छातीत धडधड होती, पण ती वेगळी होती. जत्रेत कुस्तीच्या आधी असते तशी.

तो वळला. बारा पोरं, बारा चुकीच्या मांड्या. माणसं खुर्च्यांवर उभी, हातांत मोबाईल. पहिलं पोरगं त्यानं सहज काढलं. दुसरं, तिसरं. चौथ्याला ओढणी होती, पण ते मांडीवर बसलं होतं ते उजवीकडं कलून, आणि उजव्या कडेवर पोर घेणारी आई त्या मंडपात एकच होती. प्रत्येक पोरगं ज्याच्या त्याच्या आईकडं गेलं की टेबलावर थाळीसारखे हात वाजत. संध्याकाळी शेरडं रानातून येतात, करडं डालग्याखाली ओरडत असतात, सगळी काळी, सगळी सारखी. एकेक काढायचं आणि ज्याचं त्याच्या आईला लावायचं, चुकलं तर शेळी शिंगावर घेते. पन्नास करडं, रोज दोन वेळा. त्याच्या मानानं बारा म्हणजे काय.

"अहो पण कशावरून ओळखता तुम्ही?" मधूकाकांनी माईक त्याच्या तोंडापुढं धरला.

"त्याचं काय हाय," गेणू रंगात आला होता, "आमच्या शेरडांत—"

शब्द माईकमधून बाहेर पडला आणि त्याला ऐकू आला. पारूबाईनं डोळे मिटले. स्टेजवर बांगडी थांबली.

"म्हणजे आम्ही शेळ्या का हो?" शुभदाताई म्हणाल्या. आवाज शांत होता.

गेणूला खोटं बोलायचं सुचलंच नाही. "न्हाई ताई. शेरडं सोपी. ती कापडं बदलत न्हाईत."

मधूकाका आधी हसले, पोट धरून, माईकमध्येच. मग नऊ टेबलं. कुणीतरी बें करून ओरडलं आणि पोरांना तेवढंच पाहिजे होतं. शुभदाताईंच्या ओठाचा कोपरा हलला, पण तेवढाच. त्यांनी घड्याळ बघितलं, पर्स खांद्याला लावली आणि उठल्या.

"छान झालं. पण साडेबारा झाले."

शेजारच्या टेबलावरच्या खुर्च्या करकरल्या. मग त्या पलीकडच्या. रुमालवाले गृहस्थ उभे राहिले. शेडच्या दारातून दत्तानं हात वर करून दहा बोटं दाखवली. अजून दहा मिनिटं.

"मी राहिलेय," एक बारीक आवाज आला.

आठ-नऊ वर्षांची मुलगी होती, दोन वेण्या, पिवळा फ्रॉक. ती धावत मंडपाच्या मध्यभागी येऊन उभी राहिली. "मधूआजोबा, माझं नाव घेतलंच नाही तुम्ही. मला ओळखायला सांगा ना त्यांना."

मधूकाकांचा माईक हळूच खाली गेला. "शुभ्रा, आता जेवण झाल्यावर हं बाळा."

"नाही. आत्ता."

पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. गेणूनं मुलीकडं बघितलं. गोल चेहरा, रुंद कपाळ, भुवया जुळलेल्या. बोटं आखूड. त्यानं नऊ टेबलांवरून नजर फिरवली, एकदा, परत एकदा. कपाळ कुठंच नव्हतं. भुवया कुठंच नव्हत्या. अडुसष्ट माणसांत ह्या पोरीचं कुणीच नव्हतं आणि फाटकात मोजताना बारा जोड्या लावून ही एकटीच उरली होती, हेही त्याला आठवलं. सगळी माणसं चादरीकडं, हाताकडं, पायाकडं बघत होती. ते बघून त्याला काय ते कळलं.

शेळीचं करडू मेलं आणि दुसरीकडं आईविना करडू असलं, की त्याच्या पाठीला मिठाचं पाणी चोळायचं आणि तिच्यापुढं सोडायचं. पहिल्या दिवशी ती नुसतं मीठ चाटते. चाटत चाटत कधीतरी मीठ संपतं, आणि चाटणं राहतं. पुढं कळपात ते कुणाचं हे रंगावरून कुणालाच सांगता येत नाही. त्याला येत असे. त्याची खूण वेगळी होती.

"पोरी, तिकडं तोंड कर," तो म्हणाला. "रस्त्याकडं. आन् कुणी कायबी बोलू नगा."

ती वळली. वेण्या पाठीवर सरळ, खांदे घट्ट. गेणू तिच्यापासून चार पावलांवर उभा राहिला आणि तिच्या कानाकडं बघत राहिला. कुणीतरी खुर्ची सरकवली. मुलगी हलली नाही. शेडमध्ये पातेल्याचं झाकण दणकन पडलं. मंडपातली सगळी पोरं दचकली, ती हलली नाही. रस्त्यावर ट्रकनं ब्रेक मारला. नाही.

गेणूच्या मागं, डावीकडं कुठंतरी, कुणीतरी खाकरलं. अगदी हळू, तोंडावर पदर धरून.

मुलीची मान फिरली. पुरती नाही, कान तेवढा तिसऱ्या टेबलाकडं आला. मग खेळ आठवून ती परत सरळ झाली.

गेणूनं तिचा हात धरला. तिसऱ्या टेबलापर्यंत चालत गेला आणि तो हात शुभदाताईंच्या हातात दिला.

"ही तुमची."

कुणी टाळी वाजवली नाही. शुभदाताईंचा चेहरा पांढरा पडला होता. "कुणी सांगितलं तुम्हाला?" त्या विचारत होत्या, पण माईकला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

गेणूही तितक्याच हळू बोलला. "कुणी न्हाई ताई. झाकाण पडलं तवा ही हालली न्हाई. तुमी खाकरला, मान फिरली. तोंडावरनं वळखणं हलकं काम, त्यात म्याबी चुकतो. ही खूण मला आजपतुर चुकली न्हाई."

"आई," शुभ्रा म्हणाली, "त्यांनी पाठीमागून ओळखलं. मी वळलेपण नव्हते."

शुभदाताईंनी मुलीची सुटलेली रिबीन बांधली. एकदा बांधली, ती नीटच होती, तरी सोडून परत बांधली. मग पर्स खांद्यावरून काढली, खुर्चीला अडकवली आणि बसल्या.

रुमालवाले गृहस्थ बसले. मागच्या खुर्च्या करकरल्या, तिन्ही टेबलं बसली. आणि टाळ्या आता पडल्या, उशिरा, एकदम, मंडपाचं कापड हलेल एवढ्या. मधूकाकांनी माईक तोंडाजवळ नेला आणि तसाच स्टेजवर नेऊन ठेवला.

दत्ता शेडमधून पळत आला. दोन्ही हातांत पोळ्यांची परात, वाफ त्याच्या तोंडावर.

ताटं पडली. कटाची आमटी, भात, कुरडया, पोळ्या. गेणूनं तुपाचं भांडं आणि पळी घेतली आणि टेबलांभोवती फिरू लागला. पाठी होत्याच, पण आता तो आला की पाठ वळत होती. "इकडं, इकडं या," "आमच्या टेबलावर तूप आलं नाही," "सासरेबुवा, आधी सांगा, माझं नाक कुणावर गेलंय, मग तूप." शुभदाताईंनी ताटावर आडवा हात धरला.

"पुरे, पुरे. डॉक्टरांनी बंद केलंय."

"घरचं हाय. पोळीला लागू द्या जरा."

"एवढंसंच."

त्यानं पळीतलं तूप त्यांच्या बोटांच्या फटीतून सोडलं. त्यांनी बोटं चाटली आणि मग हात काढून घेतला.

सव्वा वाजता, म्हणजे वस्तीच्या हिशेबानं अगदी वेळेवर, दोन पिकअप फाटकात येऊन थांबल्या. फेटे, नऊवारी, हातांत चपला घेतलेली म्हातारी माणसं, पन्नास-साठ. मागची सहा टेबलं त्यांच्यासाठीच रिकामी होती. ती माणसं बिचकत तिकडं निघाली होती, पण शुभ्रा आणि बाकीच्या पोरांनी वस्तीवरची पोरं फाटकातच अडवली. "थांबा, ओळखू दे तुम्ही कुणाचे." मग आया पोरांच्या मागं आल्या, आजोबा आयांच्या मागं. कुणी खुर्ची ओढली, कुणी सरकून जागा केली. तिसऱ्या टेबलावर पारूबाईची थोरली जाऊ मंगल शुभदाताईंना खेटून बसली आणि विचारू लागली, "तुमाला कितवं ह्ये?" "एकुलती एक," त्या म्हणाल्या. "माझी आहे."

पाणवठ्यावर दोन कळप मिसळले की धनगराचा जीव वर-खाली होतो. आधी आपली आपली वेगळी काढायची, मग दुसरं काम. गेणू तुपाची पळी धरून मध्ये उभा होता. सवयीनं त्याचे ओठ हलू लागले. पहिलं टेबल, भोरची सात, आपली चार. दुसरं टेबल. तिसऱ्याला चुकला. परत पहिल्यापासून सुरुवात केली आणि मग सोडून दिलं.

स्टेजवरून स्वप्नाली खाली उतरली होती. पदर खोचून, आमटीची बादली घेऊन ती बापाच्या मागून वाढत निघाली. मंदार तिच्या मागं, हातात भाताची.

"आबा, घड्याळ बगा," ती म्हणाली. "दीड झाला."

फाटकाबाहेर बसवाल्यानं हॉर्न दिला. लांब, दोनदा. मग तिसऱ्यांदा, दाबून धरून.

गेणू पळी तशीच धरून नऊ टेबलांकडं बघत राहिला. एकही मान वळली नाही.